नोझलांना हळदकुंकू

विठ्ठलवाडीच्या एसटी डेपोसमोरून उल्हासनगरच्या बाजाराकडे वळलं, की लाकडी कपाटं विकणाऱ्या दुकानांच्या मधोमध एक गाळा असा होता, की त्यात माणूस आडवा झोपला तर पाय रस्त्यावर यावेत. त्या गाळ्यात हरिचंद्र मिस्त्री बसायचा. पाटीवर ‘डिझेल पंप व नोझल’ एवढीच अक्षरं. ज्याला त्यातलं काही ठाऊक नसायचं तो आत डोकावून विचारायचा, “इथे डिझेल मिळतं का हो?” हरिचंद्र म्हणायचा, “मिळतं की! पण धुराइतकं बारीक करून देतो, चालेल का?” विचारणारा गोंधळून पुढे जायचा आणि हरिचंद्र तेवढ्यावर दिवसभर खूश असायचा.

माणूसच तसा होता. बुटका, पोट किंचित पुढे आलेलं, आणि कानावर लोक पेन्सिल खोचतात तिथे याचा पितळी तारांचा ब्रश. आणि ते कान! देवानं बाकीचं शरीर घाईत केलं असेल, पण कानांवर मात्र निवांत बसून काम केलेलं. डेपोतून एसटी बाहेर पडली, की हा गाळ्यात बसल्या बसल्या सांगायचा, “तिसरं नोझल थुंकतंय.” लोक म्हणायचे, “हरीभाऊ, गाडी दिसली तरी का तुम्हाला?” तो म्हणायचा, “खोकल्यावरून डॉक्टरला कळतं, मग मला का कळू नये?”

आता नोझल म्हणजे काय, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढची मजा कळायची नाही. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागत नाही. आत हवा इतकी दाबतात की ती तव्यासारखी तापते. त्या हवेत डिझेलचा फवारा मारला, की तो आपोआप पेटतो. हा फवारा मारणारा बोटाएवढा पोलादी तुकडा म्हणजे नोझल. त्याच्या पोटात एक सुई वरखाली होते. सुई आणि तिचं घर ही जोडीनंच घासून बनवलेली असतात, एकाची सुई दुसऱ्याच्या घरात नांदत नाही. जुन्या गाड्यांत फवारा आधी एका लहानशा खोलीत शिरायचा, मग इंजिनात. ऐंशी सालानंतर ज्या जिपा आणि टेम्पो आले ते ‘डायरेक्ट’वाले. यांत फवारा थेट पिस्टनच्या डोक्यावर. तेल कमी खायच्या, पण नखरे फार. एकेका नोझलला चार भोकं, सुईच्या टोकाएवढी. त्यांत काजळी बसली, की गाडी काळा धूर ओकायची, सकाळी उठायला कुरकुर करायची आणि चढावर तर चक्क बसकण मारायची. म्हणजे मग हरिचंद्राचा गाळा.

हे काम तो शिकला टेकचंद शेठकडे. मुरबाडकडच्या गावातून सातवी पास होऊन, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन हा उल्हासनगरला आला, तेव्हा डिझेल म्हणजे रॉकेलचा मोठा भाऊ एवढंच त्याला माहीत. टेकचंद सिंधी, अंगानं जाडजूड, आवाज ढोलासारखा, पण हात कापसाचे. पहिल्याच दिवशी त्यानं नोझल टेस्टरला लावलं. टेस्टर म्हणजे हातानं दांडा दाबायचा आणि नोझलमधून फवारा काढून बघायचा, असं यंत्र. फवाऱ्याखाली त्यानं एक वांगं धरलं आणि दांडा दाबला. वांग्याच्या एका बाजूनं गेलेलं डिझेल दुसऱ्या बाजूनं घळाघळा बाहेर! “देख पुट,” टेकचंद म्हणाला, “ये बैंगन की जगह तेरा हाथ होता तो?” हरिचंद्रानं जन्मात पुन्हा फवाऱ्याखाली हात नेला नाही, आणि भरल्या वांग्याची भाजीही पुढे वर्षभर खाल्ली नाही.

टेकचंदनंच त्याला कान दिले म्हणा. “आँख झूठ बोलती है साईं, नोजल नहीं बोलता,” असं म्हणून तो याला डोळे मिटून बसवायचा. चांगलं नोझल दांडा दाबल्यावर टर्र-टर्र-टर्र असं बोलतं, बेडकानं खुशीत यावं तसं. आजारी नोझल फुस्स करतं. आणि अगदीच वाया गेलेलं काही बोलतच नाही, नुसती लाळ गाळतं.

या कानांनी हरिचंद्राचं लग्न मोडता मोडता राहिलं होतं, तेही ऐका. बदलापूरला मुलगी बघायला गेलेला. भागीरथी पोह्यांची बशी घेऊन आली, मामांनी विचारलं, “मुलीला काही विचारायचंय का?” नेमका तेव्हाच बाहेरून विटांचा ट्रक गेला. हरिचंद्र मान वाकडी करून म्हणाला, “हिला चढ झेपणार नाही. आतून काजळी धरलीय.” मुलीच्या बापाच्या हातातला अडकित्ता तसाच उघडा राहिला. भागीरथी तेवढी पदराआड हसली, कारण तिनं खिडकीतून ट्रक बघितला होता. पुढे संसारात कधी खटका उडाला, की ती म्हणायची, “काजळी धरलीय म्हणून सांगितलं होतंत ना, मग आणलीत कशाला?”

तर असा हा माणूस. गाळ्यामागच्या दोन खोल्यांत बायको, मुलगा शशिकांत आणि नवी सून मालिनी. शशिकांत अंबरनाथच्या कारखान्यात. मालिनी बदलापुरातल्या मांजर्लीची, लग्नाला सहा महिने झालेले. तिच्या बोटांत रांगोळी होती. दारातली रांगोळी बघायला शेजारच्या कपाटवाल्याची गिऱ्हाइकं थांबायची आणि कपाट न घेताच जायची, म्हणून कपाटवाला कुरकुरायचा.

एक्क्याण्णव सालचं नवरात्र. अष्टमीला दुपारी पालेगावचा शिवराम जीप घेऊन आला. घेऊन आला म्हणजे कसा, तर मागे धुराचा असा पडदा, की रिक्षावाले शिव्या देत कडेला झालेले. हरिचंद्र गाळ्यातून ओरडला, “शिवराम, भट्टी लावलीस की काय जिपेत?”

“मिस्त्री, मस्करी नको,” शिवराम घाम पुसत म्हणाला. “उद्या दुपारी नागपूरला निघायचंय. दसऱ्याला आईला दीक्षाभूमीवर पोचवायचंच आहे. आणि ही बघा, पालेगावातून इथवर येताना दोनदा मेली.”

हरिचंद्राची मस्करी तिथल्या तिथे थांबली, कारण त्याला अंजनाबाईंची गोष्ट माहीत होती. पालेगाव-अंबरनाथात कुणाला माहीत नव्हती? छप्पन साली सगळी आळी दीक्षेला नागपूरला गेली. सासू गेली, दीर गेले, शेजारीपाजारी गेले. अंजनाबाई तेवढ्या मागे राहिल्या, कारण शिवराम दहा दिवसांचा होता. मग पुढच्या वर्षी जाऊ, त्याच्या पुढच्या वर्षी जाऊ, असं करता करता जन्म गेला. कधी काडेपेटीच्या कारखान्यातली पाळी आडवी आली, कधी नवऱ्याचं दुखणं, कधी मुलीचं बाळंतपण. आता गुडघे धरले होते. आगगाडीच्या गर्दीत चढणं त्यांना होईना, म्हणून शिवरामानं शब्द दिला होता, की जिपेतून नेतो, पाय पसरून बस. म्हातारी गेले दोन महिने आल्यागेल्याला सांगत होती, “यंदा जाणार. न्यायला जीप आहे.”

“डिझेल कुठून भरतोस?” हरिचंद्रानं विचारलं.

“पंपावरनंच. पण घरी पिंपात साठवतो.”

“पिंप कसलं?”

शिवराम जरा घुटमळला. “आधी त्यात डांबर होतं.”

हरिचंद्रानं कपाळाला हात लावला. “अरे, देवमाणसा! जिपेला डांबराचा काढा पाजतोस आणि वर धावायला सांगतोस? जा, घरी जा. टाकी आणि फिल्टर मी साफ करतो, नोझलंही करतो. उद्या जेवून ये, आईला घेऊनच ये.”

संध्याकाळपर्यंत त्यानं चारही नोझलं काढली. काजळी अशी, की भाकरीच्या तव्यामागं असते तशी. एका साबणवाल्या शेठच्या टेम्पोचीही चार नोझलं तिथंच होती, त्याच जातीची. पितळी ब्रशनं घासून, भोकांत बारीक तार फिरवून हरिचंद्रानं सगळी आठ टेस्टरवर बोलती केली. पुन्हा उघडली आणि रात्रभर रॉकेलात मुरायला ठेवली, प्रत्येक जोडी वेगळ्या वाटीत. वाट्या भागीरथीच्या जुन्या संसारातल्या, पोचे आलेल्या. बसवायला लागणाऱ्या तांब्याच्या चकत्या संपल्या होत्या, त्या सकाळी आणायच्या आणि तासाभरात काम उरकायचं, असा बेत.

सकाळी तो चकत्या आणायला बाहेर पडला. दुकानदार झेंडूची तोरणं लावण्यात गुंग. त्याची शिडी धरली, चहा झाला, मग त्याच्या स्कूटरचा आवाज ऐकून दिला. आता कान आहेत म्हटल्यावर लोक वापरणारच. इकडे घरी भागीरथी पुरण वाटत होती. वाटता वाटताच ती म्हणाली, “मालिनी, खंडेनवमी आहे आज. ह्यांची हत्यारं पुसून पाटावर मांड गं. हळदकुंकू वाहा, फुलं घाल. छान कर हो, घरातली पहिलीच पूजा तुझ्या हातची.”

छान कर म्हटल्यावर मालिनी कशाला मागे राहते!

हरिचंद्र परत आला तो गाळ्याच्या पायरीवरच थबकला. चौरंगावर लाल कापड. मध्ये समई. नट आवळायचे पाने, पक्कड, हातोडा रांगेत, प्रत्येकाच्या गळ्यात झेंडू. आणि समईभोवती सूर्य उगवलेला! आठ लखलखीत सुया, किरणांसारख्या मांडलेल्या. त्यांच्याबाहेर गोल फेर धरून आठ घरं उभी, प्रत्येकाच्या टोकावर ओलं हळदकुंकू, त्यावर तांदळाचा एकेक दाणा. रिकाम्या वाट्या घासूनपुसून फळीवर पालथ्या. मालिनी बाजूला हात जोडून उभी, शाबासकीची वाट बघत.

“बाबा, आवडलं?”

काजळीनं बंद झालेली भोकं रात्री उघडली, ती आता हळदकुंकवानं लिंपली होती. आणि कुठल्या घरातली सुई कुठली, ते त्या समईलाच ठाऊक. त्यानं सूर्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं. त्याला हसू फुटलं आणि ते दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं. “पोरी,” तो म्हणाला, “असा सूर्य सरकारी कारखान्यातसुद्धा निघाला नसता. पण यातली कुठली सुई कुठल्या घरातली, ते लक्षात आहे का गं तुझ्या?”

मालिनीचा चेहरा उतरला. “सगळ्या सारख्याच नाहीत का?”

“सारख्या दिसतात गं. नांदत नाहीत.”

नेमकी त्याच वेळी दारात रिक्षा थांबली. शिवरामानं आधी वळकटी काढली, मग डबा, मग पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि शेवटी आईला. अंजनाबाई पांढऱ्याशुभ्र लुगड्यात, केस चापून बसवलेले, तोंडभर हसू. “काय हरीभाऊ, झाली का आमची आगगाडी तयार?”

हरिचंद्रानं सगळं सांगितलं. लपवून काय उपयोग? शिवराम मटकन ओट्यावर बसला. “म्हणजे गेलं यंदाचंही.”

“गेलं कसं? मी काढतो ना जोड्या.” हरिचंद्रानं चौरंगाकडे हात केला, तोच आतून भागीरथी हातातला झारा तसाच घेऊन बाहेर आली.

“हात लावायचा नाही! मांडलेली पूजा आहे. खंडेनवमीला बसवलेलं हत्यार दसऱ्याला उठतं. आजवर कधी मोडलं नाहीत, आणि आज?”

“अगं, अंजनाबाईंना उद्या नागपुरात असायचंय.”

“मला काय ते कळत नाही? पण शशिकांतच्या बाबा, वर्षभर ही हत्यारं आपल्याला खायला घालतात. एक दिवस बसू द्यायचं नाही त्यांना?”

मालिनी डोळे पुसत होती. भागीरथीच्या लक्षात आलं, की सणाच्या दिवशी दारात आलेल्या बाईला सोडून आपण नुसतंच ओरडतोय. सवयीनं तिनं करंडा उचलला आणि अंजनाबाईंपुढे धरला. अंजनाबाईंनी हसून तिचा हात धरला. “मला नको गं बाई. ते नोझलांनाच पुष्कळ झालंय.”

अंजनाबाई कुंकू लावत नाहीत हे आठवून भागीरथीला आधी ओशाळल्यासारखं झालं आणि मग जे हसू आलं ते आवरेना. झारा हलायला लागला, त्यातलं तेल ओट्यावर सांडलं. दोघी म्हाताऱ्या होत चाललेल्या बाया एकमेकींचे हात धरून हसताहेत आणि शिवराम रडवेला होऊन बघतोय, असा देखावा कपाटवाल्याच्या गिऱ्हाइकांनी फुकट बघितला.

हसू ओसरल्यावर अंजनाबाई ओट्यावर टेकल्या. “तुझी पूजा मोडून मला जायचं नाही हो. तेही काही बरं नाही. बसू दे त्यांना. पस्तीस वर्षं बसले मी, अजून एक बसेन.” बोलल्या हसूनच, पण हात मात्र गुडघ्यावरून फिरत राहिला.

भागीरथीनं तो हात बघितला. ती चौरंगासमोर उभी राहिली, कमरेवर हात ठेवून, भाजीवाल्याशी भाव करावा तशी देवाशीच बोलत असल्यासारखी. मग म्हणाली, “अहो, खंडेनवमीला हत्यारं बसवतात कशासाठी?”

“दसऱ्याला सीमोल्लंघनाला न्यायची म्हणून,” हरिचंद्र म्हणाला.

“मग? नागपूर काय गावच्या वेशीच्या आत आहे होय? ही हत्यारं जिपेतून निघाली तर सीमोल्लंघनच नाही का? मुहूर्त अर्धा दिवस आधी, एवढंच.” तिनं चिमूटभर अक्षता चौरंगावर टाकल्या, समईपुढे नैवेद्याचं पान ठेवलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली आणि म्हणाली, “उठवली. घ्या आता. पण एक सांगते. हत्यारं सीमा ओलांडायला निघाली, म्हणजे धन्यानंही जायचं. घरात बसून पुरणपोळी हाणायची नाही.”

“मी? नागपूरला?” हरिचंद्र आयुष्यात नाशिकच्या पुढे गेला नव्हता.

“ते मग बघू,” अंजनाबाई म्हणाल्या. “आधी सुया आणा इकडं.”

आठही घरं रॉकेलात बुचकळली. भोकांतलं हळदकुंकू तारेनं काढताना हरिचंद्र पुटपुटत होता, “डांबर बरं होतं बाबा, निदान एका रंगाचं होतं.” मग सुई बसवून बघायचं काम आलं. त्याची रीत अशी. घर तिरपं धरायचं, डिझेलात भिजवलेली सुई अर्धी आत सोडायची. स्वतःच्या वजनानं सावकाश सरकली तर जोडी. अडली तर नाही, धावली तर नाही. हरिचंद्राचे कान कितीही तिखट असले तरी बोटं आता जाड झाली होती, हे तो स्वतःच कबूल करायचा.

अंजनाबाई थोडा वेळ बघत राहिल्या. मग पदर खोचून पुढे सरकल्या. “द्या मला. कारखान्यात जन्मभर काडेपेट्या भरल्या मी. एक काडी कमी पडली तर पेटी हातात घेतल्यावर कळायची.” त्यांनी एक घर डाव्या चिमटीत धरलं, उजव्या हातानं सुई सोडली. “ही अडते. माहेरी जायचं म्हणते.” दुसरी. “ही बघ कशी धावली! हिला घाई झालीय.” तिसरी हळूच, लोण्यात सुरी जावी तशी आत गेली. “हां. ही राहील इथं.”

मग काय, स्थळं जुळवण्याचा कार्यक्रमच सुरू झाला. मालिनी रडं विसरून घरं पुसून पुढे करायला लागली. भागीरथी पोळ्या लाटत आतून ओरडायची, “जमलं का?” आणि अंजनाबाई बाहेरून सांगायच्या, “मुलगी पसंत आहे, पण मुलगा ताठ आहे!” जमलेली प्रत्येक जोडी हरिचंद्र टेस्टरवर चढवायचा, डोळे मिटून दांडा दाबायचा. टर्र-टर्र-टर्र. “बोललं!” तो ओरडायचा आणि शिवराम तेवढ्यापुरता ताठ व्हायचा. घरांवर गाडीच्या खुणा होत्याच, त्यामुळे जिपेची कुठली ते कळत होतं.

जिपेची तीन बोलली. चौथं मात्र टर्र म्हणता म्हणता मध्येच फुस्स करायचं. सुई तीच होती, दुसरी कुठलीच त्यात बसत नव्हती. हरिचंद्रानं मऊ पेस्ट लावून ती पुन्हा घासली, पुन्हा दाबलं. थोडं सुधारलं. पुन्हा घासलं. “बोबडं बोलतंय,” तो शेवटी म्हणाला. “चालेल. पण भरवसा देत नाही. माळशेजच्या चढावर रुसलं तर तिथं कोण आहे समजूत काढायला?”

“तुम्हीच की,” अंजनाबाई म्हणाल्या. “बायकोनं सांगितलंयच. उठा, कपडे घाला.”

हरिचंद्रानं भागीरथीकडे पाहिलं. ती आधीच त्याचा धुतलेला सदरा घेऊन दारात उभी, दुसऱ्या हातात पुरणपोळ्यांचा डबा. “डबा सगळ्यांचा आहे हो,” तिनं बजावलं. “वाटेत एकट्यानं संपवू नका.”

नोझलं बसली, शिवरामानं चावी फिरवली. जीप एकदा कण्हली, दोनदा शिंकली आणि मग असा स्वच्छ सूर धरला, की हरिचंद्र बॉनेटवर हात ठेवून तसाच उभा राहिला. धूर असा नाहीच. मालिनीनं त्या गडबडीतही पुढच्या काचेवर झेंडूचा हार टाकलाच. “बाबा, हार काचेलाच घातलाय,” ती घाईघाईनं म्हणाली, “भोकं बिकं काही नाहीत तिथं.”

माळशेजच्या चढावर चौथं नोझल रुसलंच. अर्ध्यावर जीप हिसके द्यायला लागली. हरिचंद्र खाली उतरला, नळी सैल करून हवा काढली, पुन्हा आवळली, आणि पाना हातात घेऊन चाकासोबत चालत राहिला, आजाऱ्याशेजारून चालावं तसा. अंजनाबाई मागून म्हणाल्या, “हरीभाऊ, तिला रागवू नका. माझ्यासारखीच आहे, चढ आला की गुडघे बोलतात. एकदा सपाटीला लागू द्या.” आणि खरंच, माथ्यावर पोचेपर्यंत इंजिन चांगलं तापलं, घासलेली सुई आपल्या घरात रुळली आणि फुस्स बंद झालं. नगर, औरंगाबाद, जालना गेलं. रात्र कुठं गेली ते पुरणपोळ्यांनाच माहीत. वऱ्हाडात शिरलं तेव्हा उजाडत होतं आणि रस्त्यावर निळी निशाणं लावलेले ट्रक, टेम्पो, जिपा यांची रांग लागली होती. प्रत्येक गाडीतून लोक हात हलवत होते. अंजनाबाईही हलवत होत्या, सगळ्यांना, जणू एकाच लग्नाला निघालेली वऱ्हाडं.

दसऱ्याची दुपार व्हायच्या आत जीप नागपुरात पोचली. गाड्या फार लांब अडवल्या होत्या. तिथून पुढे अंजनाबाई चालत गेल्या, शिवरामाच्या खांद्यावर हात ठेवून, मध्ये मध्ये थांबत. हरिचंद्र चार पावलं मागून. त्या मैदानावर पाय पडल्यावर अंजनाबाई खाली वाकल्या, दोन्ही तळवे मातीला टेकवले आणि तशाच राहिल्या. माणसं त्यांना वळसा घालून जात होती. शिवरामानं त्यांना उठवायला हात पुढे केला, तर म्हणाल्या, “राहू दे. माझी घाई संपली.” शिवरामानं मान फिरवली आणि नाक पुसलं. हरिचंद्र उगाच खिशातल्या तांब्याच्या चकत्या मोजत बसला.

खरी गंमत मग झाली. संध्याकाळी निघायचं ठरलेलं. अंजनाबाई कबूल होईनात. “एवढ्या लांब आले ती पाया पडून पळायला? उद्या जाऊ.” दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, “परवा जाऊ.” त्यांना पालेगावच्या शेजारणीची मावसबहीण सापडली होती, तिच्याकडून सोलापूरच्या बाया, त्यांच्याकडून आणखी कुणी. हरिचंद्रानं कपाटवाल्याकडे फोन करून भागीरथीला बोलावून घेतलं आणि घाबरत सांगितलं, की अजून दोन दिवस. भागीरथी म्हणाली, “साबणवाला शेठ टेम्पोसाठी दोनदा येऊन गेला. मालिनीनं त्याला सांगितलं, नोझलं सीमोल्लंघनाला गेलीत. तो म्हणतो, मेरा टेम्पो भी ले जाते साईं!”

पण हरिचंद्र तिथं रिकामा बसला, असं समजू नका. गाड्यांच्या त्या मैदानात शेकडो इंजिनं उभी. लांबून आलेली, धुळीनं माखलेली, खोकणारी. हरिचंद्राचे कान ते किती वेळ सहन करणार? आधी शेजारच्या लातूरच्या जिपेला म्हणाला, “दुसरं नोझल थुंकतंय.” मग यवतमाळच्या टेम्पोला. दुसऱ्या दिवशी सकाळी जिपेपुढे चटई टाकून तो बसला होता, रॉकेलचा डबा पुढ्यात, कानावर ब्रश, आणि समोर ड्रायव्हरांची रांग. टेस्टर नव्हता, तर सुई सरकवून बघण्यावरच भिस्त. म्हणून शेजारी पाय पसरून अंजनाबाई. डाव्या चिमटीत घर, उजव्या चिमटीत सुई, आणि तोंडानं समोरच्या ड्रायव्हराची सगळी चौकशी, गाव कुठलं, आईला आणलंय का, नाही आणलं तर का नाही आणलं.

परभणीचा एक पोरगेलासा ड्रायव्हर मान खाली घालून म्हणाला, “पुढच्या वर्षी आणतो, आजी.”

अंजनाबाईंनी सुई हातातच ठेवली. “पुढच्या वर्षी नाही,” त्या म्हणाल्या. “सण काल झाला तरी मैदान कुठं पळून जात नाही. ही गाडी झाली, की सरळ घरी जा आणि तिला घेऊन ये. हरीभाऊ, याची आधी करा!”

आणि हरिचंद्रानं रांग मोडून त्याची आधी केली.